फुकट उजेड आणि बसलेली बॅटरी

हळदीचा हंगाम लागला की वसमतकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हटकून उगवतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक आमच्या मेव्हण्याकडून. मजकूर असा: ‘गाडीची जुनी बॅटरी घ्या, एलईडी पट्टी थेट जोडा, रात्रभर लावा, महिनाभर फुकट उजेड. बारा व्होल्टला शॉक नसतो, फ्यूज-बिज काही नको. वायर कितीही लांब न्या. बॅटरी उतरली तर गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवा, फुल. मेलेली बॅटरीसुद्धा चालते. इन्व्हर्टरवाले हे सांगत नाहीत, पुढे पाठवा.’

मी ऑटो इलेक्ट्रिकची कामं करतो. हा मेसेज फिरला की आठ-दहा दिवसांत माझ्याकडे बॅटऱ्यांची रांग लागते.

मागच्या मार्चमधली एक सांगतो. एक मालक ट्रॅक्टरची ८० एएचची (अँपियर-तासांची) बॅटरी पोत्यात गुंडाळून घेऊन आले. वय जेमतेम वर्षभर. हळद शिजवायला कुकर (भट्टीवरचे मोठे ड्रम) लावलेला, डीपी म्हणजे वीज देणारा ट्रान्सफॉर्मर जळालेला, म्हणून बॅटरीवर दाट पट्टीचे दोन रोल रात्रभर लावले. असं आठ रात्री. नवव्या दिवशी ट्रॅक्टरचा सेल्फ (स्टार्टर) नुसता टक् टक् करून गप्प. “नवी बॅटरी हाय की, काहून बसली?” मी झाकणं उघडून आम्लाचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर बुडवला. भरलेल्या बॅटरीत आकडा १.२६ च्या आसपास असतो, इथं १.१२. म्हणजे बॅटरी जवळजवळ पुरती उतरलेली, आम्ल पातळ झालेलं आणि त्यातलं सल्फेट प्लेटांना चिकटलेलं. दोन दिवस हळूहळू चार्ज केली. सेल्फ उचलला, पण पहिल्यासारखा नाही.

आता मेसेज एकेक करून बघू. आधी त्यातलं खरं मान्य करतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर बारा व्होल्टची एलईडी थेट लावणं ही कल्पना चांगली आहे. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून परत बल्बात कमी करण्यात जी वीज वाया जाते ती वाचते. खोट पुढे आहे.

‘महिनाभर’. लहान कारची बॅटरी ३५ एएच. गुणिले बारा व्होल्ट म्हणजे ४२० वॅट-तास. अर्धं युनिटही नाही, आणि मेसेज त्यावर महिना काढतो! रोज दहा तास, तीस रात्री म्हणजे तीनशे तास. ४२० भागिले ३०० म्हणजे दीड वॅटही येत नाही. एवढ्यात देवघरातला लुकलुकणारा दिवा लागेल, हळदीचा ढीग दिसणार नाही. बाजारात मिळणारी पाच मीटरची दाट पट्टी, मीटरला साठ मोठे एलईडी असलेली, साधारण ७२ वॅट खाते, म्हणजे सहा अँपियर. ३५ एएचची बॅटरी त्यावर सहा तासांच्या आत संपते. आमच्या मालकांचे दोन रोल म्हणजे बारा अँपियर. ८० एएचची भरलेली बॅटरीसुद्धा साडेतीन तासांच्या आत अर्धी झाली असणार, आणि ते पहाटेपर्यंत बसलेले.

पण हा नुसता तासांचा हिशोब नाही. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात पातळ प्लेटा दाटीनं भरतात, कारण तिला दोन-चार सेकंद शेकडो अँपियर द्यायचे असतात. मग डायनामो ती लगेच भरून काढतो. ती कायम भरलेली राहावी हीच तिची रचना. तळापर्यंत उतरवून तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक बसतो, आणि तो चार्जिंगनं पुरता निघत नाही. उजेडासाठी जाड प्लेटांची ट्यूब्युलर बॅटरी असते, म्हणून ती इन्व्हर्टरला लावतात. पहिलवान आणि हमाल दोघंही दणकट, पण दिवसभर पोती वाहायला पहिलवान लावत नाहीत.

तरी नाइलाजानं लावायचीच असेल तर मीटर जवळ ठेवा. लोड काढून थोडा वेळ थांबून मोजल्यावर १२.६ दिसलं तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.२ ला थांबायचं. मंद व्हायला लागलेल्या पट्टीची वाट बघत बसलात तर तोवर उशीर झालेला असतो.

‘फ्यूज नको’. ह्या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कोरड्या हाताला बारा व्होल्टचा झटका बसत नाही, हे बरोबर. पण फ्यूज माणसाच्या झटक्यासाठी नसतोच, तो वायरीसाठी असतो. बॅटरीची दोन टोकं एकमेकांना टेकली तर हजारभर अँपियर वाहू शकतात. पान्हा टेकला तर तो चिकटून लाल होतो. बोटात अंगठी असेल तर काय होईल ते सांगत नाही. हळदीच्या जागी कुकरच्या भोवती वाळलेला पाला, सरपण, पोती. वायर ड्रमखाली सापडून सोलली गेली की ती भट्टीतल्या तारेसारखी तापणार, आणि तिला तोडणारं मध्ये काहीच नाही. ह्याच मालकांच्या वायरीचं लाल आवरण एका जागी काळं होऊन आक्रसलेलं होतं. मी ते दाखवलं तर म्हणाले, “उंदरानं खाल्लं असंल.” उंदीर कुरतडतो हो, वितळवत नाही.

सहा अँपियरच्या पट्टीला १० अँपियरचा लाल ब्लेड फ्यूज, होल्डरसकट, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत. पट्टीजवळ लावून उपयोग नाही, कारण मधली सगळी वायर फ्यूजविना राहते. खर्च चहा-भज्यांइतका. आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तेव्हा टर्मिनलवर ठिणगी पाडत वायरी टेकवू नका. आधी वायरी घट्ट बसवा, मग लांबच्या स्विचनं दिवा लावा. विडी तर बाजूलाच ठेवा.

‘वायर कितीही लांब’. घरच्या २३० व्होल्टच्या सवयीमुळे हे पटतं. दीड चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरमागे साधारण बारा ओहम रोध असतो. आखाड्यापासून (शेतातल्या घरापासून) तीस मीटरवर पट्टी नेली की जाऊन-येऊन साठ मीटर होतात, म्हणजे पाऊण ओहमच्या जवळपास. सहा अँपियर ओढायचे म्हटले तर चार व्होल्टच्या वर वायरीतच जातात. पट्टीत तीन-तीन एलईडी ओळीनं असतात, प्रत्येकाला तीनेक व्होल्ट, उरलेलं रेझिस्टरवर. तेव्हा नऊ व्होल्टला पट्टी जवळपास विझतेच. प्रत्यक्षात व्होल्टेज पडलं की पट्टी करंटही कमी ओढते, म्हणून ती पूर्ण विझत नाही, मिणमिणते. मग लोक दुकानदाराला शिव्या देतात. बॅटरी दिव्याजवळ न्या, नाहीतर दिवा लहान घ्या.

‘पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवा’. उभ्या गाडीचा डायनामो तेवढ्यात फार तर पाच-सहा एएच भरेल. उतरलेली बॅटरी पुरती भरायला तास लागतात, आणि शेवटचा टप्पा तर फारच सावकाश. त्यात डिझेल जळतं ते फुकट नव्हे. वरून आणखी एक खोडी: इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या वर व्होल्ट असतात. वरचा हिशोब आठवा. नऊ व्होल्ट एलईडींचे, बारावर रेझिस्टरला तीन राहतात, १४.४ वर सव्वापाचच्या पुढे. म्हणजे पट्टीतून दीडपटीहून जास्त करंट. ती झगझगीत दिसते, लोक खूश होतात, आणि काही दिवसांत तीन-तीनचे तुकडे मरायला लागतात. चार्जिंग चालू असताना पट्टी काढून ठेवा.

‘मेलेली बॅटरीही चालते’. हे अर्धं खरं. सेल्फ उचलत नाही पण थोडी क्षमता शिल्लक आहे, अशी बॅटरी एक-दोन डीसी बल्ब ओढते. पण सहापैकी एक सेल शॉर्ट झालेला असेल तर ती कितीही चार्ज करा, साडेदहाच्या आसपासच दाखवते, आणि चार्जरवर बाकीचे सेल उकळतात. अशी बॅटरी दुकानात परत द्या, शिशाचे पैसे मिळतात. (तुरटी टाकून बॅटरी जिवंत करायचा मेसेज वेगळा आहे. त्याच्यावर लिहायला बसलो तर दुकान बंद ठेवावं लागेल.)

राहिला प्रश्न, डीपी जळाला असताना करायचं काय. आपल्याकडं घरोघरी फवारणीचा बॅटरी पंप आहे. त्यात बहुतेक वेळा १२ व्होल्ट ८ एएचची सीलबंद बॅटरी असते, सोबत चार्जरही. ९६ वॅट-तास, त्यातले अर्धे वापरले तर ७ वॅटचा डीसी बल्ब सहा-सात तास चालतो. सात वॅट म्हणजे सहा दशांश अँपियर, लांब वायरीतही फारसं काही पडत नाही. फ्यूज इथंही लावाच, दोन अँपियरचा पुरतो. कापूस-सोयाबीनची फवारणी आटोपली की हे पंप महिनोन्‌महिने कोपऱ्यात न भरता पडून मरतात, आणि हळद नेमकी तेव्हाच शिजते. वापरून रोज भरलेली बॅटरी तशा पडून राहिलेलीपेक्षा जास्त टिकते.

ते मालक यंदा पंपच घेऊन बसले होते, बांबूला बल्ब टांगून. शेजारचे विचारून गेले म्हणे, रात्री हळदीवर कोणतं औषध मारताय.