खुलासा: इनटेक मॅनिफोल्डवर सिलिकॉन थापू नका

गोव्यातल्या म्हापसा-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरतोय: गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या भागाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली गळती अडवणारी पट्टी, गळत असेल तर बाहेरून सिलिकॉन (फटी बुजवायचा लगदा) लावा, काम झालं. हे साफ चूक आहे. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगून सुटतं आणि आतल्या ओढीने त्याचे तुकडे इंजिनात जाऊ शकतात. गॅस्केट बदलायलाच हवं, आणि ते घरीही जमतं.

इंजिन थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजलेले बोल्ट जोर लावला की तुटतात. आधी गंज सोडवणारं तेल मुरू द्या. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर नवंही गळेल. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकेच (आवळायच्या जोराइतकेच) आवळा.