केमोनंतर वर्षभर घरातच? त्या मेसेजमधल्या पाच सल्ल्यांना उत्तर

जळगाव-धुळ्यापासून शहादा-नवापूरपर्यंत नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातले सल्ले असे: कॅन्सरसाठी केमो झालेल्या माणसाने वर्षभर प्रवास करू नये, ताप आला तर ती केमोची उष्णता समजून पॅरासिटामॉल आणि सब्जा द्यावा, शिजवलेलं बंद करून रसावर ठेवावं, अंथरुणातून उठू देऊ नये, ताट-वाटी, खोली वेगळी करावी. पाठवणाऱ्यांची माया खरी आहे, पण सल्ले चुकीचे आहेत. त्यातला एक तर जीव घेऊ शकतो, म्हणून क्रम मोडून आधी तोच घेऊ.

‘ताप म्हणजे केमोची उष्णता.’ नाही. केमोने हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पेशीही मरतात. बहुतेक औषधांत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा जंतुसंसर्ग झाला तरी पू धरत नाही, सूज दिसत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. बरेचदा ताप ही एकच खूण राहते. ती गोळीने पुसून टाकली, तर काही तासांत रक्तदाब कोसळेपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही. मे महिन्यात भुसावळात पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा सगळ्यांचंच अंग तापलेलं असतं. कपाळाला हात लावून काही कळत नाही. डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरा. चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर 15-20 मिनिटं थांबून. काखेतला आकडा जवळपास एक अंशाने कमी येतो आणि तिथेच फसगत होते. 100.4 फॅरनहाइट दिसलं, की गोळी न देता निघायचं. हुडहुडी भरली तर ताप दिसत नसला तरीही.

आणि जायचं कुठे? उपचार परळला टाटा मेमोरियलमध्ये चालू असले तरी मुंबईची गाडी धरायची नाही. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर आहे, आणि पहिलं अँटिबायोटिक हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवं. रात्री सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करणारं जवळचं हॉस्पिटल केमोच्या पहिल्या सायकलच्या (फेरीच्या) आधीच बघून ठेवा. दारातच सांगा: ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप आहे.’ एवढं न सांगितल्यामुळे पेशंट साध्या तापाच्या रांगेत बसून राहतो. फाइल आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत, ती पिशवी दाराच्या खुंटीला.

‘वर्षभर प्रवास नको.’ हे कॅलेंडर बघून ठरत नाही, रिपोर्ट बघून ठरतं. सीबीसीचा कागद घ्या. एकूण पांढऱ्या पेशी 2,400 आणि त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, 40 टक्के असतील, तर 2,400 चे 40 टक्के म्हणजे 960. लढणाऱ्या पेशी एवढ्याच. हा आकडा 500 च्या खाली असेल तर धोका मोठा. 1,000 च्या खाली असताना लग्न, बाजार, भरलेली एसटी टाळा. 1,500 च्या वर असेल तर बहुतेकांना प्रवासाची मुभा मिळते. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 50,000 च्या खाली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. 21 दिवसांच्या सायकलमध्ये तिसरा आठवडा सहसा बरा जातो. शेवटच्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांत पेशींचे काउंट (आकडे) बहुधा सावरतात. थकवा मात्र काही महिने रेंगाळतो.

‘फक्त रस.’ पन्नास किलोच्या माणसाला या काळात दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. मोसंबीच्या ग्लासात ती नावापुरती असतात. रसावर ठेवलेला माणूस वजन गमावतो आणि पुढचा डोस पुढे ढकलावा लागतो. आपल्या स्वयंपाकघरातच उत्तर आहे: डाळीचे वाफवलेले फुनके, कमी तिखटाचे डुबुक वडे, घट्ट वरण, पूर्ण उकडलेलं अंडं, दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी. केळं तर साल काढली की स्वच्छ आणि मऊ. ठेचा आणि शेवभाजीची तर्री तोंड आलं असेल तेव्हा नको. भरीत चालेल, सोबतची कच्ची कांद्याची पात काउंट कमी असताना नको. रस्त्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ तर मुळीच नको. तोंड आलं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरा. गुळवेलीचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याने यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे.

‘अंथरुणातून उठू नये.’ पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ओट्यावरून अंगणापर्यंत दहा मिनिटं, दोन वेळा, इथून सुरुवात करा.

‘ताट-वाटी वेगळी.’ गरज नाही. कॅन्सर उष्ट्याने पसरत नाही. डोसनंतर 48 तास मात्र लघवी, उलटी किंवा त्यांनी माखलेले कपडे हाताळताना हातमोजे घाला आणि संडासात दोनदा पाणी टाका. ही काळजी औषधाच्या अंशासाठी आहे, माणसाला दूर लोटण्यासाठी नाही.

आता प्रत्यक्ष निघताना. खालचा बर्थ घ्या, दर तासाला उठून चार पावलं टाका. ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर गार पाण्याचा घोट घशात काटे टोचल्यासारखा लागतो, एसीच्या हवेने बोटं झिणझिणतात. शाल, मोजे आणि साधं पाणी जवळ ठेवा. पाय बधिर असतील तर सप्तशृंगी गडावर चैत्रातल्या तापल्या दगडांवर अनवाणी चालू नका. फोड आलेला कळतही नाही. यात्रेची गर्दी ओसरल्यावर जा, आणि ट्रॉलीने. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना हॉस्पिटलच्या दाखल्यावर रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला पेशंटला पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला 75 टक्के. माहेरच्या फेरीला ती लागू नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) केमो चालू असलेल्या लेकीला आणायचं असेल तर पहाटे निघा, ऊन चढायच्या आत पोचा. ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवा; उरलेलं 24 तासांनी फेकून द्या. माहेरी झोक्यावर तिला खुशाल बसू द्या. दंडात पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर तिने दोर ओढायचा नाही, झोका बहिणींनी द्यायचा.