थेंब डोळ्यात नाही, पापणीच्या कडेला

‘रोज रात्री डोळ्यात एक थेंब’ हे पापण्यांचे केस वाढवणाऱ्या औषधावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. पापण्यांच्या केसांसाठी ०.०३ टक्के बायमॅटोप्रॉस्टचा (हे काचबिंदूवरही वापरलं जाणारं औषध) थेंब निर्जंतुक ब्रशवर घेऊन फक्त वरच्या पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी फिरवायचा. दुसऱ्या डोळ्याला नवा ब्रश. गालावर ओघळलं तर लगेच टिपा, नाहीतर तिथेही लव वाढते. लेन्स आधी काढा, १५ मिनिटांनी घाला.

पूर्ण फरक दिसायला १६ आठवडे लागतात. दोनदा लावून घाई होत नाही. पापणीचा काळपटपणा औषध थांबवल्यावर बहुधा ओसरतो, बुबुळात वाढलेला तपकिरी रंग मात्र सहसा जात नाही. सातारा-सांगलीकडच्या मुलींनो, आजीची काचबिंदूची बाटली उचलू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.