अर्ज असा बनवा की कुणी भरूच नये

मराठीत ऑनलाइन अर्ज बनवताय? अभिनंदन! एखादं तयार इंग्रजी टेम्पलेट उचला आणि पानाच्या कोडमधल्या एचटीएमएल टॅगवरचं लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण, तसंच 'ईएन' (इंग्रजी) राहू द्या. तिथे 'एमआर' (मराठी) करायला दोन सेकंद लागतात, एवढा वेळ कुणाला आहे? फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श असले तरी ब्राउझर ते लावणार नाही. अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू बघेल. ऐकणाऱ्याचीही करमणूक.

मजकूर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आहे, हे ब्राउझरला सांगणारा मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवा. तुम्ही तो भल्यामोठ्या स्क्रिप्टखाली ढकला.

परिच्छेद? तीन बीआर (ओळ मोडणारे टॅग) मारा.

आता मुख्य काम, नावाचा रकाना. रकान्याचं नाव सांगणारा लेबल टॅग अजिबात नको. 'संपूर्ण नाव' हे प्लेसहोल्डरमध्येच (रिकाम्या रकान्यातला फिकट मजकूर) टाका, म्हणजे पहिलं अक्षर उमटताच सूचना गुल. आधी आडनाव हवं होतं की शेवटी, बसा आठवत. मग मॅक्सलेंग्थ, म्हणजे अक्षरांची कमाल मर्यादा, २०. वीस अक्षरं भरपूर झाली, नाही? 'ज्ञानेश्वर' तुम्हा-आम्हाला चार अक्षरी. ब्राउझर मात्र ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र असे दहा मोजतो. ज्ञानेश्वर लक्ष्मण कुलकर्णी टाइप करायला गेले की 'ज्ञानेश्वर लक्ष्मण क' वर रकाना ठप्प. एरर नाही, काही नाही. बरं, तेवढंच घेऊन पुढे जावं, तर पॅटर्नमध्ये, म्हणजे रकान्यात काय चालेल त्या नियमात, फक्त ए ते झेड! वरती 'नाव मराठीत लिहावे' अशी तांबड्या अक्षरांत सूचना, आणि सबमिट दाबलं की 'प्लीज मॅच द रिक्वेस्टेड फॉरमॅट'. कुठला फॉरमॅट, बाबा? तूच मराठीत मागितलंस ना?

आधार क्रमांकाला टाइप 'नंबर' द्या. त्याला मॅक्सलेंग्थ लागूच होत नाही, त्यामुळे बाराऐवजी चौदा आकडेही बसतात. वर माउसचं चाक फिरलं की काही ब्राउझरांत शेवटचा आकडा गुपचूप बदलतो. हा क्रमांक आहे, त्याची बेरीज करायची नाहीये! टाइप 'टेक्स्ट', इनपुटमोड 'न्यूमेरिक' (म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड), आणि पॅटर्नमध्ये बारा आकडे. झालं.

अहो, लेबलमधलं फॉर (ते कुठल्या रकान्याचं, हे सांगणारं) आणि रकान्याचा आयडी जुळवायला कितीसा वेळ लागतो? मग लेबलवर बोट ठेवलं तरी रकाना उघडतो, थरथरत्या हाताच्या माणसालाही जमतं. तुमचा अर्ज तुम्ही स्वतः मोबाइलवर, मराठी कीबोर्डानं, एकदा तरी भरलाय का? भरा. जोडाक्षरांचं नाव टाकून भरा. आणि तो ए ते झेडचा पॅटर्न आजच्या आज काढा.