मुरड शिंप्याची नाही, नुसती शोभेचीही नाही

दिवाळी जवळ आली की करंजीबद्दलचा एक मजकूर फिरायला लागतो. त्यातले दावे तीन. 'मुरड' हा मूळचा शिवणातला शब्द, तिथून तो स्वयंपाकघरात आला. करंजीची मुरड, म्हणजे तिच्या कडेला घातलेली वळणावळणाची दुमड, केवळ शोभेची. आणि 'मुरडाचा कानवला' (कानवला म्हणजे करंजीसारखाच पदार्थ) यातली मुरड म्हणजे परत येणं, कडेशी तिचा संबंध नाही.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. मुरडणे म्हणजे वळवणे, पिळणे. पोटात मुरडा येतो, नाकं मुरडली जातात, हौसेला मुरड घालावी लागते. यात सुई कुठे आली? कापडाची कड वळते तशी पारीचीही वळते, म्हणून शब्द एक. काम मात्र वेगळं. कापलेल्या कापडाचे धागे सुटतात, म्हणून कड दोनदा आत मुडपून टाके घालतात. करंजीत सुटायला धागेच नाहीत. तिथे दोन कडा मिटलेल्या राहायला हव्यात.

'शोभेची' म्हणणाऱ्याने उललेल्या करंजीनंतरची कढई बघितलेली दिसत नाही. तळताना आतल्या ओलाव्याची वाफ होते, करंजी फुगते, आणि जोड कच्चा असला तर तिथूनच उलते. सारण तेलात उतरतं, साखर करपते, काळे कण पुढच्या घाण्याला चिकटतात. मुरड घालताना कडा आधी दाबून मिटवायच्या, मग एका टोकापासून अंगठ्याने कड जराशी आत वळवून दाबायची, त्या वळणावरच पुढचं वळण घ्यायचं आणि शेवटचं टोक खाली दडवायचं. जोड असा स्वतःवरच दुमडला जातो. कातण्याने कापलेल्या करंजीत तो नुसता दाबलेला असतो, म्हणून तिथे कडेवरून दुधाचं बोट फिरवणं टाळू नये. तेवढं केलं तर तीही उलत नाही. उलट कड जाड राहिली तर मुरडच आतून कच्ची राहते, हेही खरं.

आता कानवला. गौरी विसर्जनाच्या दिवशी पुष्कळ घरांत मुरडाच्या कानवल्याचा नैवेद्य असतो. सासरी निघालेल्या लेकीलाही तो देतात. मुरडून परत ये, हा त्यातला भाव. पण तो श्लेष आहे, आणि कडेला मुरड आहे म्हणूनच जमतो. कातण्याने कापलेल्या कानवल्याला मुरडाचा कानवला कोण म्हणेल?