उद्या दूध नको

वापरणाऱ्याने अ‍ॅप घेतलं, ओटीपी टाकला, लोकेशनपासून कॉन्टॅक्टपर्यंत सगळ्याला न वाचता ‘अलाउ’ म्हटलं, स्वागताची चार रंगीत चित्रं भराभरा सरकवली. अभिनंदन! तुमचं काम संपलं. लग्न लागलं, पंगती उठल्या; आता संसार कसा चाललाय हे विचारायला मांडववाला जातो का?

समजा तुमचं अ‍ॅप घरपोच दुधाचं आहे. पूर्वी दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत चिठ्ठी असायची: ‘उद्या दूध नको’. तीन शब्दांत काम व्हायचं. तुमच्याकडेही तेवढ्यातच झालं, तर गुंतवणूकदारांना काय दाखवणार? म्हणून वर कोपऱ्यात तीन रेघा ठेवा, त्यांच्या आत ‘माझे सदस्यत्व’, त्याच्या आत ‘व्यवस्थापन’ आणि पार तळाला ‘तात्पुरता विराम’. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवा, म्हणजे खालचे उकार आपोआप छाटले जातात आणि ‘तात्पुरता’चं ‘तात्परता’ होतं. वेलांटीचं डोकं उडालं तरी हरकत नाही, मराठी माणूस अंदाजाने वाचतो.

मग एखाद्या काकू रात्री साडेनऊला सात मिनिटं आत भटकतात, तीनदा मागे येतात, एकदा चुकून पनीर घेतात. सकाळी दूध येतंच, शिवाय पनीर. तुमच्या डॅशबोर्डवर मात्र हिरवा बाण दिसतो: एंगेजमेंट वाढली, म्हणजे लोक अ‍ॅपमध्ये जास्त वेळ रमले! त्या बाणाला कधीही ‘का?’ विचारू नका. ग्राहक सेवेच्या फोनवर रोज तोच प्रश्न येतो म्हणता? ते खातं वेगळ्या मजल्यावर बसतं. तिकडे जायचं नाही.

तरीही कुणी हट्टच धरला, तर चाचणी घ्या. अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या आहेत का हे तपासणारे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली हिशोब मांडलाच आहे की पाच माणसांना वापरायला दिलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. यातला ‘पाच’ तेवढा घ्या. १५ जणांचं बजेट असेल तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि दर फेरीनंतर दुरुस्त्या करा, असंही ते सांगतात. पण दुरुस्ती म्हणजे पुन्हा काम आलं. पाच जण ऑफिसातच मिळतात: दोन डेव्हलपर, एक एचआर, चहाच्या मशीनजवळ सापडलेला इंटर्न आणि मालकांचे मेहुणे. पाचहीजण पटापट पास होतात. अ‍ॅप त्यांनीच केलंय म्हटल्यावर होणारच. मेहुण्यांचं मात्र कौतुक.

बाहेरचं माणूस बोलवावंच लागलं, तर कामाचं वाक्य जपून लिहा. ‘उद्या तुम्ही गावाला चाललात, आता काय कराल?’ असं विचारून गप्प बसलात, तर घात झाला. त्याऐवजी म्हणा, ‘व्यवस्थापनमध्ये जाऊन तात्पुरता विराम दाबा.’ प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापल्यावर कोण नापास होतं?

अशा एका चाचणीला मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो. काकूंना आधीच सांगितलं होतं, ‘मनात येईल ते मोठ्याने बोला.’ त्या बोलत होत्या. ‘हे माझे सदस्यत्व म्हणजे... सोसायटीचं का?’ चाचणी घेणाऱ्या मुलाला राहवेना. ‘काकू, वर बघा ना, वर. डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे.’ काकूंचं बोट पडद्यावर अधांतरी थांबलेलं, चष्मा कपाळावर गेलेला. तेवढ्यात अ‍ॅपनेच विचारलं, ‘आम्हाला किती तारे द्याल?’ काकूंनी ते जावं म्हणून पाचवा तारा दाबला. शेवटी मुलाने स्वतःच बोट पुढे करून बटण दाबलं आणि तक्त्यात लिहिलं: काम पूर्ण.

तुम्हीही असंच लिहा. गप्प बसून पाहत राहणं फार अवघड असतं. आपण केलेल्या दाराशी माणूस चाचपडतंय आणि आपण हात मागे बांधून उभे, हे चांगल्या घरात वाढलेल्याला जमत नाही.

निघताना काकूंना चहा दिला, वर कंपनीचा मग दिला आणि कसं वाटलं ते विचारलं. चहा पिऊन झाल्यावर कोण वाईट बोलतं? त्या म्हणाल्या, ‘छान आहे हो. मलाच मेलीला जमत नाही.’

सोमवारच्या सादरीकरणात पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत, काकूंच्या फोटोशेजारी होतं. दुसरं स्लाइडवर मावलं नाही.