"ठाण्याला जाऊन येतो" म्हणजे नक्की कुठे?

रविवारी रात्री ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आमचे नेहमीचे लोक बसले होते, पश्या उशिरा आला आणि सहज बोलून गेला, "अरे आईला सहालाच म्हटलं ठाण्याला जाऊन येतो, पण ट्रॅफिक असलं होतं ना." बास. मंद्याने भेळेचा कागद बाजूला ठेवला. "ठाण्याला? मग तू राहतोस कुठे, गुजरातमध्ये?"

पश्या कासारवडवलीला राहतो. घोडबंदर रोडवरचे सगळे असंच बोलतात हो, घरपट्टी भरतात ठाणे महापालिकेला आणि स्टेशनकडे यायचं झालं की "ठाण्याला चाललो". मंद्या नौपाड्याचा, तिसरी पिढी, त्याचं ठाणं गोखले रोडला सुरू होऊन राम मारुती रोडला संपतं, फार तर चरई आणि पाचपाखाडी चालवून घेतो.

पश्या पण ऐकणारा नाही. म्हणे आमच्याकडे रस्ते रुंद आहेत, मागे येऊरचा डोंगर आहे, तुमच्याकडे स्कूटर लावायला जागा आहे का? मंद्या म्हणाला, डोंगराचं सांगू नकोस, 2019 ला येऊरचा बिबट्यासुद्धा कंटाळून कोरम मॉलला आला होता. (तो बिबट्या खरंच आला होता, शेवटी शेजारच्या हॉटेलात पकडला.) आणि तुमच्या टॉवरला नावं काय, इस्टेट आणि मेडोज, अरे ते पातलीपाडा आहे, वाघबीळ आहे, बसचा कंडक्टर अजून तेच ओरडतो.

मी मधे बोललो की वागळे इस्टेट कुठे बसवणार तुम्ही? एमआयडीसीची पहिली वसाहत ती, आमच्या घरी बाबांच्या कंपनीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, आता तो भोंगा गेला आणि तिथे काचेची बिल्डिंग आहे, गळ्यात कार्ड घातलेली पोरं खाली चहाला उभी असतात. टपरी मात्र तीच. पण माझं कोण ऐकतंय.

नाखवा एवढा वेळ नुसता शेंगदाणे खात होता. चेंदणी कोळीवाड्याचा. म्हणाला, "मंद्या, तुमचं नौपाडा कालचं रे. 1853 ला बोरीबंदरवरून पहिली गाडी आली ती आमच्या कोळीवाड्यातून आली, वाड्याचे दोन तुकडे झाले, अर्धे नातेवाईक ईस्टला अर्धे वेस्टला. आमची आजी मीठबंदरला लेकीकडे जायची ते पण ब्रिज चढून." यावर मंद्याकडे काही उत्तर नव्हतं, म्हणून त्याने शिलाहार राजे काढले, कौपिनेश्वराचं देऊळ काढलं, तलाव मोजायला लागला, मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, उपवन... उपवनला पश्या म्हणाला, "ते तुझ्या नौपाड्यात आहे काय?"

मग स्वाती बोलली. ती दिव्याची. आणि खरं सांगतो, आम्ही सगळे दिवा विसरलोच होतो, मुंब्रा-कळव्याचं पण कोणी नाव काढलं नव्हतं. खाडीपलीकडे गेलं की आमच्या कट्ट्याचा नकाशा संपतो. ती म्हणाली, "मी पण ठाणे महापालिकाच ना रे? 1982 ला महापालिका झाली, तरी आमच्याकडे पाण्याला अजून टँकर येतो. सकाळी डोंबिवलीची गाडी आली की दारातले लोक चढू देत नाहीत, लटकून येते मी. आणि तुम्हाला सावंतवाडी पॅसेंजर पकडायची असली की बरोबर माझं स्टेशन आठवतं."

कोणी काही बोललं नाही. पश्याने मुकाट पाच कटिंग सांगितले. मला वाटतं मंद्याला मनातून पटलं होतं, पण तो कबूल करणारा माणूस नाही, तो म्हणे प्रश्न राहण्याचा नाही, ठाणेकर असण्याचा आहे, दिवाळी पहाटेला तू कुठे असतेस? ती म्हणाली इथेच असते, तुझ्या राम मारुती रोडवर, पहिल्या लोकलने येऊन, तू आठ वाजेपर्यंत झोपलेला असतोस. नाखवाला ठसका लागला.

साडेदहाला तिचा फोन वाजला. आई असणार. "हो गं, निघतेच. ठाण्यात आहे."

मंद्याने नुसतं आमच्याकडे बघितलं. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "हसू नकोस, भेळेचे वीस रुपये दे," आणि पैसे घेऊन स्टेशनकडे पळाली.